जखम भरतेय, काय करू?

तीर्थस्वरूप साडूभाऊंच्या चरणी धाकट्या साडूचा नमस्कार. (डाव्या हाताचा अंगठा पट्टीत असल्यामुळे तो थोडा बाजूला राहिला आहे. उरलेल्या बोटांचा नमस्कार पूर्ण मानून घ्यावा.)

डोळा कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. मोतीबिंदू काढल्यावर घड्याळजीला बारीक काटे पुन्हा दिसायला किती वेळ लागतो याची मला कल्पना नाही. पण लाली कमी झाली का, पाणी यायचं थांबलं का, आणि मुख्य म्हणजे जो काही उतार पडला तो आमची ही तुमच्याकडे येण्याआधी पडला की आल्यानंतर, एवढं मला सविस्तर कळवा. ह्यात माझा स्वार्थ आहे. तो पुढे येईल. ताईंची कंबर कशी आहे? त्यांनाही नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना दाखवू नका. कोणालाच दाखवू नका. एकांतात वाचा. एका डोळ्यावर झाकण असेल तर दुसऱ्याने वाचा आणि अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचा. (अक्षराचा आणि अंगठ्याचा काही संबंध नाही. अंगठा डावा आहे, मी उजव्या हाताने लिहितो. माझं अक्षर कसं आहे ते आपण आमच्या लग्नापासून जाणता. पाकिटांवरचे पत्ते मी लिहिले होते, त्यात एक पत्रिका भलत्याच दंतवैद्याकडे गेली, आणि तो सहकुटुंब येऊन, आहेर देऊन, जेवून गेला.)

फोन का केला नाही, असं आपण म्हणाल. आपल्याकडचा फोन दिवाणखान्यात आहे आणि घंटी वाजली की तो सगळ्यांत आधी कोण उचलतं हे मला आता माहीत झालं आहे. मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तिचाच आवाज आला. पहिल्यांदा मी घाबरून ठेवून दिला. दुसऱ्यांदा काय झालं ते योग्य जागी सांगतो, कारण ते पुराव्यात धरलं गेलं आहे. पत्राचं तसं नाही. पाकिटावर तुमचं नाव आहे, म्हणजे ते तुमच्याच हातात पडणार, एवढं तरी या जगात नक्की आहे.

तर मुळापासून सांगतो. आम्ही दोघं वेताच्या खुर्च्या विणतो हे आपणास ठाऊक आहे, पण कशा विणतो ते तुम्ही कधी पाहिलेलं नाही. (तुम्ही येता तेव्हा खुर्चीवर बसता, खुर्चीसमोर नाही.) खुर्चीची चौकट दोन उंच स्टुलांवर आडवी ठेवायची. मी वर बसायचं, तिने खाली बुटक्या स्टुलावर. वेताची ओली पट्टी मी वरून भोकात घालायची, तिने ती खालून ओढून शेजारच्या भोकातून परत वर द्यायची, मग मी ती ताणायची आणि लाकडी खुंटी ठोकून पक्की करायची. बाकी सगळे कारागीर हे काम एकटेच करतात. आमच्याकडे मात्र लग्न झाल्यापासून असंच चालत आलं आहे आणि आता दोघांपैकी कोणालाच दुसऱ्या बाजूचं काम येत नाही. नवी खुर्ची सुरू होते तेव्हा चौकट रिकामी असते. तिच्यातून मला तिचा चेहरा दिसतो, तिला माझा. जसजशी वीण भरत जाते तसतसा चेहरा कमी कमी होत जातो, आणि शेवटच्या तिरप्या पट्ट्यांपर्यंत नुसता आवाज उरतो. आमची भांडणं तिथे सुरू होतात. समोरासमोर भांडायची आम्हा दोघांनाही भीड वाटते, मध्ये वीण आली की मग तोंड सुटतं. (एकदा एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं. त्याला ती दिसली नाही. हा माणूस खुर्चीशी भांडतो अशी समजूत करून घेऊन तो गेला आणि त्याने आपल्या खुर्च्या दुसरीकडे दिल्या.)

त्या दिवशीचं भांडण सुरीवरून होतं. खुंट्या तासायच्या सुरीला धार राहिलेली नाही, असं तिचं म्हणणं खालून. धार आहे, असं माझं म्हणणं वरून. हा वाद मी त्याच सुरीने माझ्याच अंगठ्याच्या बुडाशी निकालात काढला. टाके पडले. टाके निघाले. पण जखमेचं तोंड काही मिटेना. साखर तपासली, साखर बरी निघाली. रक्त तपासलं, रक्तही बरं निघालं. दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या एक बाई आहेत, त्या रोज पट्टी सोडायच्या, जखमेकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या, आणि त्या दोन बघण्यांत मला फार फरक वाटायचा नाही. जखमेच्या कडा पांढऱ्या का पडतात, पाण्यात हात घालता का, असं त्यांनी विचारलं. मी शपथेवर सांगितलं की छे, अंघोळदेखील मी हात वर धरून करतो, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा.

इथे आपल्या कन्येचा प्रवेश होतो. तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. (आहे. पण बापालाच लिहितोय, म्हणून लेखणी आवरती घेतो.) ती कसल्याशा परिषदेसाठी आली होती, एक रात्र आमच्याकडे राहिली, आणि जेवता जेवता तिचं लक्ष माझ्या पट्टीकडे गेलं. मनातल्या ताणाचा जखमांवर काय परिणाम होतो याच विषयात तिचं संशोधन चालू आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. असतं तर मी हात टेबलाखाली ठेवला असता. "काका, तुम्ही दोघं भांडता का हो?" असं तिने अगदी गोड आवाजात विचारलं. आम्ही दोघांनीही एकदमच नाही म्हटलं, आणि मग आधी कोण म्हणालं यावरून भांडलो.

तिने जे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. (चुकलं तर तिला विचारून घ्या, तुमच्या घरचंच शास्त्र आहे.) जखम म्हणजे पडलेली भिंत. ती बांधायला अंगातले गवंडी येतात. पण नवराबायकोचं वाजलं की अंगात एक धोक्याची घंटा वाजते, तिच्या रसायनाचं नाव कॉर्टिसॉल, आणि ती वाजली की गवंडी थापी टाकून दाराशी पळतात. उलट, प्रेमाने हात हातात घेतला, चार बरे शब्द बोलले, की दुसरं एक रसायन सुटतं, त्याचं नाव ऑक्सिटोसिन, आणि मग घंटा गप्प होते, गवंडी परत येतात. मी दोन्ही नावं लगेच पाठ केली, पण उलटी. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस मी चुकीच्या रसायनाची वाट बघत होतो. तिने उपाय सांगितला तो असा: भांडण पूर्ण बंद, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास समोरासमोर बसून हात धरायचा, आणि एकमेकांबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं. सांगून ती सकाळच्या गाडीने निघून गेली. डॉक्टर लोक औषध देतात आणि निघून जातात, गिळायचं आपल्याला असतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही टेबलापाशी बसलो. तुम्ही लग्नात दिलेलं घड्याळ समोर ठेवलं. (ते अजून वेळ चोख दाखवतं. त्या अर्ध्या तासात मात्र ते बंद पडलं असावं अशी शंका मला दोनदा आली.) माझा एक हात पट्टीत, म्हणून तिने दुसरा धरला, आणि मग तिच्या उरलेल्या हाताचं काय करायचं ते तिला कळेना. ती बराच वेळ माझ्याकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, तुमचे कान दोन्ही बाजूंना सारखे आहेत. मी म्हटलं, तू दारं आवाज न करता लावतेस. मग आम्ही दोघांनी घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या दातांना चांगलं म्हटलं आणि मी तिच्या बहिणीला. (ताईंना हे सांगायला हरकत नाही.) तिसऱ्या दिवशी दोघांकडचा साठा संपला. एवढ्या वर्षांच्या संसारात चांगलं काही नव्हतं असं नव्हे हो साडूभाऊ, पुष्कळ होतं, पण ते असं कुणी घड्याळ लावून मागितलं की दडी मारून बसतं. ती मोकळ्या हाताने टेबल पुसायला लागली. सगळं टेबल पुसून झालं तरी बरीच मिनिटं बाकी होती.

कामाची तर त्याहून दैना. इतकी वर्षं खुर्चीखालून "ओढा की, झोप लागली का?" असा आवाज यायचा. आता "जमलं तर जरा ओढता का" असा यायला लागला. मीही वरून "तुझी हरकत नसेल तर पट्टी परत दे" असं म्हणायला लागलो. वेताची पट्टी ओली आहे तोवरच वळते. आमचं "आधी तू", "छे छे, आधी तुम्ही" होईपर्यंत ती वाळायची आणि तुटायची. शिवाय ताण द्यायचा तर माणसाला थोडं खेकसावंच लागतं, हळुवार आवाजात पट्टी ताणली जात नाही, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. त्या काळात आमच्या गल्लीतल्या निवृत्त न्यायाधीशांची (सगळे त्यांना साहेबच म्हणतात) झुलती खुर्ची विणायला आली होती. ती आम्ही संपूर्ण सौजन्याने विणली. साहेब मोठ्या समाधानाने बसले ते थेट खाली गेले आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघंही लागलो. ती सगळी वीण कापून टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

आणि जखम? होती तशीच, किंबहुना थोडी जास्तच. मला त्याचं नवल वाटलं नाही. आपली मेव्हणी गोड बोलायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो, तो काही आजचा नाही. दिवसभर तो गोळा घेऊन वर बसायचं, आणि संध्याकाळी हात धरून तिला तिच्या दारं लावण्याबद्दल शाबासकी द्यायची. मला वाटतं गवंडी बिचारे येत असतील, पण हे दोघं नक्की कोण आहेत, आपण चुकीच्या घरी तर नाही ना आलो, असं म्हणून परत जात असतील.

मग आपल्या कन्येचा फोन आला. तिने चौकशी केली, मावशीने सगळं सांगितलं, आणि मग तिकडून एक प्रश्न आला. भांडण थांबलं ते ठीक, पण मनातल्या मनात चालू नाही ना? साडूभाऊ, आमची ही खोटं बोलत नाही. (हा तिचा दोष तुम्ही लग्नाआधीच माझ्या कानावर घालायला हवा होता.) तिने कबूल केलं की तोंड बंद ठेवल्यापासून ती मनात दुप्पट भांडते आहे आणि सुरीचा वाद तर तिने मनात कितीतरी वेळा जिंकला आहे. हे ऐकून मला उलट बरं वाटलं, कारण माझ्याही मनात तो चालूच होता आणि तिथे मी जिंकत होतो. पण तिने फोन ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. त्या संध्याकाळी तिने चांगला हात धरलाच नाही, पट्टीचा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "मीच तुम्हाला बरं होऊ देत नाहीये." मी काहीतरी विनोद करायला गेलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्यामध्ये वीण नव्हती त्यामुळे ते मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंच होतं, ताईंना मदत होईल, हे निमित्त अंगठ्याएवढं छोटं होतं पण त्यात तिची बॅग मावली. दारात उभी राहून म्हणाली, जखम भरली की कळवा, मग बघू. आता "मग बघू" म्हणजे काय? मी या दोन शब्दांवर फार विचार केला आहे. ज्या गिऱ्हाइकाची खुर्ची मला करायचीच नसते त्याला मी "मग बघू" म्हणतो. हे तिला माहीत आहे, खुर्चीखाली बसून तिने ते शेकडो वेळा ऐकलं आहे. म्हणजे पेच असा: ती नसताना जखम भरली, तर ती मनाशी ठरवून टाकणार की आपल्यामुळेच भरत नव्हती, आणि ती परत येणार नाही. जखम नाही भरली, तर हात जाणार. मी हात गमवायला तयार होतो.

आता पुढचं नीट वाचा. (डोळ्याला ताण देऊ नका, पण नीट वाचा.) ती गेली आणि माझी झोप उडाली. अंडं उकडायला ठेवायचो आणि विसरायचो, पाणी आटून ते फुटायचं तेव्हा आठवायचं. एक दिवस एका पायात तिची चप्पल घालून दवाखान्यात गेलो आणि परत येताना ती एक चप्पल हातात घेऊन आलो. पायऱ्या वाजल्या की उठायचो. खुर्च्या बंद, कारण खालून पट्टी देणार कोण. शास्त्राप्रमाणे माझ्या अंगातली घंटा आठही प्रहर वाजत असणार आणि गवंडी गाव सोडून गेलेले असणार. आणि अशा परिस्थितीत, साडूभाऊ, जखम भरायला लागली.

आज कडा लाल, उद्या कडा जवळ, परवा खपली. मलमपट्टीवाल्या बाई खूश. मला रडू आवरेना आणि त्यांना वाटलं ते आनंदाचं आहे. मी घरी येऊन अंगठा दिव्याखाली धरून बघितला. काय समजायचं माणसाने? मी म्हणतो, मला ती हवी आहे. अंगठा म्हणतो, कशाला, छान चाललं आहे. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझ्याच अंगाचा एक तुकडा माझ्याविरुद्ध साक्ष देतो. खरं कोणाचं धरायचं, माझं की त्याचं? मन खोटं बोलतं हे सगळेच सांगतात, पण अंगठा खोटं बोलल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. मी त्याच्यावर चिडून बघितलं. (चिडलं की घंटा वाजते, म्हणजे निदान त्यामुळे तरी थोडी जखम उघडेल.) समोरच्या कुलूपवाल्याशी मी कारण नसताना वाद घातला. त्याचा काही उपयोग झाला नाही, तो कुलूपवाला मात्र आता बोलत नाही. गवंडी शीळ घालत विटा लावत होते.

तेवढ्यात साहेबांचा धीर सुटला. ते रोज येऊन आमच्या स्टुलावर बसत आणि आपल्या खुर्चीच्या चौकटीकडे बघत. म्हणाले, एकट्याने विणा, जमेल. म्हणून मी एक दिवस एकट्याने विणायला बसलो. वरून पट्टी घालायची, उठायचं, वाकून खालून ओढायची, पुन्हा वर यायचं. अख्ख्या दिवसात दोन ओळी झाल्या आणि कमरेचा काटा ढिला झाला. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अंगठ्याची पट्टी सोडली तर काय, जखमेच्या कडा पांढऱ्या आणि एका कोपऱ्यात तोंड पुन्हा उघडलेलं! माझा आनंद गगनात मावेना. मी बाईंचे दोन्ही हात धरून आभार मानले. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि काल काय केलंत असं विचारू लागल्या. मी म्हटलं, काही नाही, वेत भिजवला आणि खुर्ची विणली. म्हणजे हात पाण्यात होता? मी म्हटलं, पाण्यात नाही हो, वेतात होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मलाही हळूहळू ऐकू यायला लागलं मी काय बोललो ते. आमच्या दुकानात टब असतो, त्यात दिवसभर वेत भिजत असतो आणि आमचे हात दिवसभर त्यात असतात. पण ते पाणी आहे असं आम्ही दोघांनी कधी धरलेलंच नाही. ते वेताचं असतं. पाणी म्हणजे अंघोळीचं.

म्हणजे बघा! ती गेली म्हणून काम थांबलं, काम थांबलं म्हणून हात कोरडा राहिला, कोरडा राहिला म्हणून जखम भरली. तिचा काहीएक दोष नाही! मी तसाच धावत साहेबांकडे गेलो आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली, आणि मग म्हणाले, ज्या दिवशी जखम उघडली त्या दिवशी आणखी काय काय घडलं? शपथ नव्हती, पण साहेबांपुढे खोटं बोलवत नाही. त्याच दिवशी सकाळी मी तुमच्याकडे दुसरा फोन केला होता. तिने उचलला, आणि ठेवून द्यायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघून गेलं की गॅसचा लायटर कुठे आहे. ती म्हणाली, जिथे असतो तिथे. मी म्हटलं, तिथे नाही. ती म्हणाली, मग त्याला काय पाय फुटले, हलवला कोणी? तिथून जे सुरू झालं ते साडूभाऊ, तुमच्या दिवाणखान्यात ऐकू आलंच असेल. चांगलं सणसणीत भांडण झालं. फोन ठेवल्यावर मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी मी अंडं वेळेवर उतरवलं आणि दिवसभर गुणगुणत विणत होतो.

साहेब म्हणाले, एकाच दिवशी हात भिजला आणि भांडणही झालं, तेव्हा जखम कशाने उघडली हे सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा आरोपीला, त्यांना निर्दोष सोडा. पण आपली मेव्हणी संशयाचा फायदा घेणाऱ्यांतली आहे का? तिला स्वच्छ सुटका लागते. मी साहेबांना तसं म्हटलं, तेव्हा त्यांनी विचारलं, अंगठ्याचं राहू द्या, तुम्हाला स्वतःला काय हवं आहे? मी म्हटलं, खुर्चीखाली माणूस हवं. ते म्हणाले, हे लग्न आहे की नोकरी? मी अजून विचार करतो आहे. भांडणाने जखम होते म्हणावं, तर त्याच भांडणाने मला भूक लागते. गोड बोलण्याने बरं वाटतं म्हणावं, तर त्याने मला धडकी भरते. घंटा कुठली, गवंडी कोणते, काही कळत नाही. आपण घड्याळजी आहात, उघडून बघितलं की कोणत्या चाकामुळे कोणतं चाक फिरतं ते तुम्हाला दिसतं. माणसाचं झाकण कुठून उघडतात?

त्यानंतर मी हात टबापासून लांब ठेवला आणि आज सकाळी बाईंनी पट्टी कायमची काढली. जखम पूर्ण भरली आहे. पत्राच्या सुरुवातीला जी पट्टी म्हणालो ती मी हट्टाने परत बांधून घेतली आहे, जिन्यात कोणी विचारलं तर दाखवायला, म्हणजे भरल्याची बातमी तिच्यापर्यंत जायला नको.

असो. फार लांबलं. ताईंच्या कमरेला शेक, तुमच्या डोळ्याला थेंब आणि दुकानातल्या घड्याळांना किल्ली वेळच्या वेळी मिळो.

आपला,
धाकटा साडू

ता. क. मूळ काम राहिलंच. तिला सांगा की जखम अजून भरलेली नाही. ती नसतानाही भरत नाही म्हणजे कारण ती नव्हे, हे ती आपोआप समजेल. केवढी उरली आहे, असं विचारेल. तांदळाएवढी सांगा. चिंचोक्याएवढी म्हणालात तर घाबरून आधी भाचीला फोन लावेल, आणि मोहरीएवढी म्हणालात तर "भरेल मग" म्हणून तिथेच बसेल. तांदळाएवढी. लक्षात ठेवा.

ता. क. दुसरा. नको. तुम्ही खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात असं ताईंनीच मागे सांगितलं होतं. खरंच सांगा. पण आधी पाण्याचं सांगा आणि मग भरल्याचं. उलट क्रमाने सांगू नका. आणि तिच्या हातच्या थेंबांनी तुमचा डोळा सुधारला असेल तर तेही ठासून सांगा. एकाच बाईने एका साडूचा डोळा बरा करायचा आणि दुसऱ्याचा अंगठा बिघडवायचा, हे कोणत्या शास्त्रात बसतं? डोळा सुधारला नसेल तर मात्र काही बोलू नका.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवता चिकटवता हात थांबला. डॉक्टरांनी तुम्हाला वाचायची बंदी केली आहे, हे तिनेच मला फोनवर सांगितलं होतं, लायटरच्या आणि पाय फुटण्याच्या मध्ये कुठेतरी. ताईंना माझं अक्षर लागत नाही. माझं अक्षर लागणारं माणूस या जगात एकच आहे आणि ते तुमच्या दिवाणखान्यात फोनशेजारी बसलेलं आहे. म्हणजे "एकांतात वाचा" हेही तिनेच मोठ्याने वाचलं असणार. आता सगळं फाडून पुन्हा लिहिलं तरी वाचणार तीच.

तेव्हा ऐक. इथून पुढचं त्यांना वाचून दाखवू नकोस. जखम भरली आहे. कशाने भरली ते मला माहीत नाही, आणि आता मला ते कळायला नको आहे. साहेबांची चौकट तशीच स्टुलांवर आहे. मी वरून पट्टी घालतो आणि सवयीने हात पुढे करून थांबतो, ती परत वर येत नाही. वाकून बघितलं तर नुसती फरशी दिसते. तुझ्याशिवाय मला करमत नाही, हे अर्धा तास हात धरून मला सांगता आलं नाही, ते आता लिहितो. हातमोजे आणले आहेत, रबराचे, टबाशेजारी ठेवले आहेत. लायटर सापडला, जिथे असतो तिथेच. (आधी तिथे नव्हता.) आणि सुरीला धार होती. नव्हती म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हण.